आधी वाळावं लागतं

प्रिय ताई,
धाकट्याचा खारट हातांनी नमस्कार.

मी बरा आहे. आईला सांग, इथलं पाणी आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट असतं, आणि बुडालेलं जहाज इतकं उथळ पाण्यात आहे की ऊन थेट त्याच्या डेकवर पडतं. ते बुडालं तेव्हा सगळे खलाशी सुखरूप उतरले होते, त्यामुळे भुताखेतांचा प्रश्न नाही.

पर्यटक पाहुण्यांना घेऊन मी रोज खाली त्या जहाजात जातो आणि तेच दाखवतो. गंजलेली शिडी, स्वयंपाकघर, चुलीत बिऱ्हाड केलेला एक रागीट मासा. त्यांची ती पहिलीच वेळ असते, माझी त्या दिवसातली तिसरी. वर आल्यावर ताट समोर येतं, पण घास चावायचाही कंटाळा येतो. कान जरा दुखतो, ते आईला सांगू नकोस.

बाबांना अजून धाप लागते का? फोनवर तू म्हणालीस, "ठीक आहेत." काका गेले त्याच्या आदल्या दिवशीही तू हेच म्हणाली होतीस. मला काळजी नको म्हणून तुम्ही सगळं उरकल्यावर सांगता.

एक लक्षात ठेव. पाण्याखाली अंगात मुरलेली हवा विमानात जिवावर उठते, म्हणून पाण्यातून वर आल्यावर पूर्ण एक दिवस आम्हा पाणबुड्यांना विमानात बसता येत नाही. आणि मी तर रोजच पाण्यात असतो.

तेव्हा बाबांचं थोडं जरी कमीजास्त वाटलं, तरी त्याच क्षणी कळव. मला निघण्याआधी वाळावं लागतं.

तुझा,
धाकटा