वेल्डा मावशी चार वेळा आली

रविवार, ६ नोव्हेंबर १९८८

प्रिय एमरी,

कालचा फुटबॉलचा सामना आम्ही जिंकलो, तरी आज सकाळपासून माझं तोंड उतरलेलं आहे. चर्चमध्ये जो तो पाठीवर थाप मारत होता, "वेंडेल, अखेर लोळवलंस की त्या एमरीला!" म्हणत होता, आणि मी चोरासारखा मागच्या दाराने सटकलो. म्हणून लिहायला बसलोय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुला ठाऊकच आहे. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मधेच हसून बाजूला टाकू नकोस.

सहासष्ट साली आपण पहिल्यांदा भेटलो ते आठवतंय? आपला सामना आठवड्यावर आला की दोन्ही कॉलेजांचे कोच रविवारी अर्ध्या वाटेवर गाठ घेऊन आपापल्या आधीच्या सामन्यांच्या फिल्मची रिळं एकमेकांना देणार, हा रिवाज. मी बचावाचा कोच, नवाकोरा, अंगावर इस्त्रीचा शर्ट. तू आक्रमणाचा, पाच वर्षं मुरलेला, टोपीला गव्हाचा भुसा. त्या हायवेवरच्या हॉटेलात आपण बीन्स-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खाल्ले, आणि तुझं रीळ माझ्या हातात देत तू म्हणालास, "घरी जाऊन बघ बाळा, पण रडू नकोस." असा संताप आला होता तुझा! घरी जाऊन तळघरात भिंतीवर चादर लावली, यंत्र सुरू केलं, आणि बघतच राहिलो. तुझी ती अकरा पोरं, ट्रॅक्टरवरून उतरून आलेली, काटकुळी; आणि समोरचे रेड्यासारखे गडी भलत्याच दिशेला धावतायत, चेंडू यांच्या पाठीमागून आरामात चाललाय. मी रीळ मागे घेतलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा मागे घेतलं. तुला अडवायचं म्हणून बघायला बसलेला मी, तळघरात एकटाच टाळ्या वाजवायला लागलो. मिल्ड्रेड जिन्यावरून ओरडली, "अहो, कोण आलंय खाली?"

तेव्हापासून बावीस वर्षं मी तुला पाहतोय. माझ्या सख्ख्या भावाला मी एवढा पाहिलेला नाही. आठवडाभर पोरांना गाडी चालवायला शिकवणारा साधा मास्तर तू, आणि शनिवारी मैदानावरच्या उंच काचेच्या खोलीतून फोनवर चाली सांगायला बसलास की कुणी दुसराच! बाकीच्या कोचांच्या हातात टेबलक्लॉथएवढा कागद असतो, त्यावर शेदोनशे चाली. तुझ्या हातात कधी चिठोरंसुद्धा दिसलं नाही. सगळं डोक्यात. एकोणसत्तरच्या चिखलातल्या सामन्यात तिसऱ्या सत्रात काय खेळलास, ते तू मला दहा वर्षांनी क्रमाने म्हणून दाखवलंस, आणि मी रिळाशी ताडून पाहिलं तर एक चूक निघेल तर शपथ. मोठ्या विद्यापीठाची माणसं तुला दोनदा न्यायला आली. "गव्हाची पेरणी आहे," म्हणून तू त्यांना वाटेला लावलंस. मला बोलावलं असतं तर मी अनवाणी पळत गेलो असतो, गड्या.

आणि त्या चालींना नावं कुणाची, तर तुझ्या मावश्यांची! ओपल मावशी अंगाने दांडगी, म्हणून ती सरळ मधून घुसणार. फर्न मावशी तिरकी बोलायची, म्हणून ती कडेने तिरकी. आणि वेल्डा मावशी, जी चर्चला जाते सांगून निघायची आणि नदीकाठी पत्ते कुटत बसायची. सगळी पोरं उजवीकडे धावतायत, आमची पोरं त्यांच्यामागे, आणि चेंडू गुपचूप एका पोराच्या पोटाशी धरून डावीकडे पसार. वेल्डा तू वर्षातून एकदाच काढायचास, नेमकी जीव टांगणीला लागला की. बावीस वर्षांत मी तुला चारपाचदा हरवलं असेन, पण वेल्डा एकदाही माझ्या हाती लागली नाही. एकोणऐंशीला मी तिच्यासाठी तीन पोरं राखून ठेवली, तर तू ओपलला मधून घुसवलंस आणि वर काचेतून मला टाटा केलास. त्या दिवशी मी तुला शिव्या घातल्या, आणि मनातल्या मनात टोपीही काढली.

आता खरं बोलतो. गेल्या रविवारी तुझ्या तीन सामन्यांची रिळं आली. पहिल्यात वेल्डा दोनदा. दुसऱ्यात दोनदा. तिसऱ्यात तीनदा, त्यातही दोन लागोपाठ. मला दरदरून घाम फुटला. वाटलं, या बाबाने माझ्यासाठी केवढं जाळं विणलंय! तीन आठवडे मुद्दाम चुकीचं खेळतोय, मला गाफील करतोय. माझ्या पोरांना मी सांगितलं, "तो माणूस उगाच शिंकतसुद्धा नाही." तुमच्याकडेही तेच झालं असणार. लाइल तुमचा मुख्य कोच खरा, पण सत्तावीस वर्षांत त्याने तुला उलट विचारलेलं नाही. तू बोललास म्हणजे त्यात काहीतरी असणारच. आम्हा सगळ्यांना तुझं एवढं अप्रूप, एमरी, की आम्हाला तू दिसतच नव्हतास.

काल वेल्डा तीनदा येऊन गेली आणि शेवटची चाल उरली. आम्ही चार गुणांनी पुढे, तुमची पोरं आमच्या शेवटच्या रेषेपासून नऊ यार्डांवर; ती ओलांडली की सामना तुमचा. मी वर काचेकडे पाहिलं. तू शांत बसला होतास. मी डावीकडच्या पोराकडे बोट दाखवून ओरडलो, "तिथेच थांब! हलू नकोस!" चौथी वेल्डा आली आणि माझ्या पोराच्या मिठीत सापडली. सगळ्यांनी मला खांद्यावर उचललं. लहान मुलासारखा नाचलो रे मी.

मग तू खाली आलास. माझा हात हातात धरलास, आणि किती आनंदाने म्हणालास, "पकडलीस की रे यंदा! अख्खा मोसम जपून ठेवली होती तिला, एकदाही बाहेर काढली नव्हती. कसं ओळखलंस?" मी तुझ्या डोळ्यांत थट्टा शोधली. नव्हती. तू खरंच विचारत होतास. मी हात सोडून पळालो. अशा वेळी पळून गेलो याची मला लाज वाटते.

पुढच्या शनिवारी तुमच्यासमोर उतरणाऱ्या संघाचा कोच ग्रोव्हर, त्याचा आज सकाळी फोन आला होता, कालचं रीळ मागत होता. मी सांगितलं, कॅमेरा अडकला, काही निघालं नाही. या धंद्यात बावीस वर्षांतलं माझं पहिलं खोटं. रीळ माझ्या गाडीत पडलंय आणि तिथेच राहील. पण मला दिसलं ते त्यालाही आज ना उद्या दिसेल, आणि तो पोरांना गोळा करून हसत हसत दाखवेल. ते मला सहन होणार नाही. लाइलला सांग आणि हा शनिवार बस घरी. बुधवारी सकाळी दहाला मी गाडी घेऊन येतोय, आपण डॉक्टरांकडे जाऊ. चिडलास तर चीड, दार लावून घेतलंस तर मी पायरीवर बसेन. आणि हे पत्र वाचून तू कुठेतरी ठेवशील, मग तुझ्या लक्षात राहणार नाही, अशी मला भीती वाटते. म्हणून याचीच दुसरी प्रत मी जुनिटा वहिनींच्या नावाने टाकली आहे. मला माफ कर.

तुझाच,
वेंडेल