धुराड्यावरचा तेलाचा डबा

अण्णा, तुम्ही ज्या लॉजवर पाणी तापवायचात तिथल्या बंबावर बसवलेला तो तेलाचा डबा आठवतो का? त्याच्याबद्दल तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. तुम्ही होतात तेव्हा धीर झाला नाही, आणि मागच्या महिन्यात इथे जपानात, कोबेत असं काही झालं की आता गप्प बसवेना.

मी ज्या सिंधी बाईंकडे स्वयंपाकाला आहे त्यांच्या घरामागे पोहायचा हौद आहे. त्यात कुणी पोहत नाही. बाईंचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी कोमट पाण्यात चालायला सांगितलंय, म्हणून रोज सकाळी त्या टोपी घालून हौदात म्हशीसारख्या शांत फिरतात आणि मी काठावर टॉवेल धरून उभी. घराचं आणि हौदाचं पाणी तापवणारा जुना बॉयलर खोकायला लागला होता. मुलगा टोकियोहून फोनवर म्हणाला, हौद बुजवून टाका. म्हणजे बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. बाई तीन आठवडे नव्या बॉयलरची चित्रं बघत होत्या, आज हा बरा, उद्या तो बरा. शेवटी मीच म्हटलं, बाई, बॉयलर घ्यायचाय, जावई नाही.

मग कंपनीचा माणूस आला. दारात बूट काढले, सपाता घातल्या, बॉयलर मागच्या अंगणात म्हणून पुन्हा बूट, कागद आत राहिले म्हणून पुन्हा सपाता. तेवढ्यात माझी कणीक मळून झाली. मी विचारलं, साधा स्वस्तातला घेतला तर? त्याने दातांतून हवा ओढली, मान तिरकी केली, म्हणाला, ‘ते जरा...’ आणि थांबला. इथे नाही म्हणायची हीच रीत. पुढचं आपण समजून घ्यायचं. इथे येऊन बारा वर्षं झाली तरी माझं डोकं तापतं. मी सरळ त्याचं मनगट धरलं, त्याला अंगणात नेलं आणि हात जुन्या बॉयलरच्या धुराड्यासमोर नेला. बिचारा कानापर्यंत लाल झाला. विचारलं, ही ऊब कुठे जाते? म्हणाला, बाहेर. आणि नव्यात? तेव्हा कुठे त्याला तोंड फुटलं. नव्यात धुराची ऊब आधी थंड पाण्याला देतात, ते कोमट झालेलं पाणी मग जाळावर जातं, आणि धूर बाहेर पडतो तो जवळजवळ गार. मला एवढं हसू आलं की आपलंच काही चुकलं असं वाटून त्याने दोनदा वाकून माफी मागितली.

बाई म्हणाल्या, “चौथीपर्यंत शिकलेली तू, तुला काय कळलं त्यातलं?”

“माझ्या बापाने केलं होतं हे,” मी म्हटलं. “तेलाच्या डब्यात.”

अण्णा, मला दिसताय तुम्ही. डब्याला मधोमध भोक पाडून तो धुराड्यात ओवताय, कडेला कथलाचा डाख देताय, आणि लॉजचे नोकर हसतायत. मीही हसले होते. पण त्या डब्यातलं कोमट पाणी बंबात ओतलं की दुसरी बादली निम्म्या कोळशात निघायची. एके दिवशी लॉजवर लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं. तुम्ही कोळसा आणायला गेलात, जाताना मला म्हणालात, पाणी बघ, जाळ बघत बसू नकोस. मी दोन्ही बघितलं नाही. नवरीच्या वेणीत बायका आबोली माळत होत्या, मी ते बघत होते. परत आले तर बंब कोरडा, डब्याचा डाख सुटलेला, त्यातलं उरलंसुरलं पाणी निखाऱ्यांवर चर्र करतंय. मॅनेजर सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाला, तुझ्या या डब्याच्या शहाणपणाने बंब गेला. तुम्ही डबा उलटासुलटा करून बघितलात आणि मान हलवलीत. तुम्हाला ते खरं वाटलं. त्यानंतर तुम्ही कधी काही जोडून बघितलं नाहीत. त्या डब्यात आई राख ठेवायची.

नवा बॉयलर बसला. बाई फिरतायत. त्याच्या नळीतून गार झालेल्या धुराचं पाणी थेंब थेंब पडतं, ते झाडांना घालू का विचारलं तर तो माणूस म्हणाला, ‘ते जरा...’ मी समजून घेतलं. हे पत्र हमीच्या कागदाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॉयलरशेजारी टांगणार आहे. इथे मराठी कुणाला वाचता यायचं नाही.

डबा चांगला होता, अण्णा. बंबात पाणी घालायला मी विसरले होते.