होडीवरचं जुनं सोल्युशन

बाबा,

आज नव्या बरणीवरचं लेबल निघेना, म्हणून त्यावर खोबरेल चोळून ती तशीच ठेवून दिली. सून म्हणाली, "आई, घासा ना जोरात." मी म्हटलं, थांब जरा. आवाज अगदी तुमचाच आला, आणि तुमची इतकी आठवण झाली की मी ओट्याशी नुसती उभी राहिले.

संपात गिरणी गेली आणि तुम्ही मार्वे धक्क्याजवळच्या होड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये लागलात. त्या रविवारी बोरिवलीहून तुमचा डबा घेऊन आले ते निमित्तच. मी पसंत केलेल्या मुलाला तुम्ही साफ नाही म्हटलं होतंत. सोमवारी आम्ही रजिस्टर लग्नाची नोटीस देणार होतो, आणि त्याआधी मला तुमच्या तोंडून हो ऐकायचं होतं. तुम्ही पांढऱ्या फायबरच्या होडीपाशी उकिडवे बसलेले. तिच्या काठाची रबरी पट्टी कुणीतरी ओरबाडून काढली होती आणि ती चिकटवायचं सोल्युशन उन्हाने तांबूस होऊन तसंच राहिलं होतं. मी विषय काढला, तर तुम्ही खोबरेलात भिजवलेलं फडकं माझ्या हातात दिलंत.

"लाव आणि वायच बस गो. आपणच सुटता ता. मगे ह्या पट्टीन काढ."

पट्टी म्हणजे माझीच शाळेतली फूटपट्टी, प्लास्टिकची, अर्धी मोडलेली.

"बाबा, मी काय विचारतेय?"

"ब्लेड लावू नको. फायबरावर पडलेलो ओरखडो जाणा नाय."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे नवरी उतावळी होती. त्यात राग तुमच्यासारखाच नाकावर. तुम्ही हात धुवायला नळावर गेलात आणि मी ब्लेड उचललं. थर भराभर निघाला, आणि त्याच्याखाली वीतभर ओरखडा. तुम्ही परत येता, बघता, त्यावरून अंगठा फिरवता. तेवढ्यात मालक येतो.

"हे कुणी केलं रे?"

"माझ्या हातून झालं, शेठ."

"डोळे गेले काय तुझे? गिरणीतली माणसं तुम्ही, नाजूक काम जमायचं नाही तुम्हाला!"

तुम्ही मान खाली घालून ऐकताय. मी शेजारीच उभी, गप्प.

नोटिशीचं मग सांगितलंच नाही. लग्नाला तुम्ही नव्हता. वर्षभराने एकदा कांजूरमार्गच्या आमच्या खोलीवर आलात, खुर्चीच्या कडेवर बसून चहा घेतलात, "बरी असस मां?" विचारलंत. जेवून जा म्हणायचं माझ्याकडून राहिलं, आणि त्याच वर्षी तुम्ही गेलात. माझ्या घरात तुम्हाला एकदा पोटभर वाढायचं होतं हो. अजून वाटतं.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, साड्यांखाली ठेवून देईन. त्या दिवशी मी घाबरून गप्प राहिले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. मला नाही म्हणणाऱ्या माणसाला कुणीतरी चार शब्द सुनावतंय, म्हणून क्षणभर मला बरं वाटलं होतं, बाबा.