दोन विमानं आणि समीरचं "जमेल"

मंगळवार, १४ मे. संध्याकाळ.

घोडबंदर रोडला गाडी अडकलेली आणि डोक्यात तेच. ते कुंपण.

आमची कंपनी एकेक छोटं जेट चार-पाच मालकांत वाटून विकते. नवीन कुठलं घ्यायचं हे ठरवायला मी आणि समीरने, आम्ही दोघा पायलटांनी, दोन विमानं उडवून पाहिली. एक आतून साधं, जरा अडचणीचं, पण चटकन उठतं. दुसरं देखणं. काल भर उन्हात, आखूड धावपट्टीवर, आमच्याच माणसांनी सीट भरून ते उडवलं, तेव्हा ते जमिनीवरून उठेपर्यंत टोकाचं कुंपण इतकं जवळ आलेलं की समीर "बापरे" म्हणाला.

आज मीटिंगमध्ये मी स्पष्ट सांगितलं, हे देखणं नको. सर हसले. "मॅडम, नियमात बसतंय ना? गिऱ्हाईक सीट बघतं, धावपट्टी नाही. समीर, तुमचं काय?"

"जरा जपून उडवलं की जमेल, सर."

जमेल? माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. कुंपण विसरला? की नोकरी आठवली? उद्या खरेदीच्या सह्या झाल्या की त्या उन्हात ते आम्हालाच उडवायचंय. मागे लोकं बसलेली असणार.

आत्ता त्याचा फोन आलेला. "अगं, हिंमतच झाली नाही माझी. सकाळी सह्यांच्या आधी सरांकडे जाऊया?"

"जाऊ. पण आधी तू बोलायचंस."

मग म्हणाला, "बोलतो."