मेरुमण्यावरून परतलेला फोन

सासूबाई,

परवा घरात आलेल्या वस्तू अशा: मोठ्या बटणांचा टेलिफोन एक, साडेसातशे रुपये, त्याखाली अंथरायला पांढरं मेणकापड, बावीस रुपये, आणि डोळ्यांत घालायचे थेंब, ज्यांची किंमत माझी सून मला सांगत नाही, म्हणजे भारीच असणार. तुमचा काचबिंदू आता माझ्या डोळ्यांत आला आहे. आपलं रक्ताचं नातं नाही, तरी हा वारसा माझ्यापर्यंत कसा पोचला ते देव जाणे. फोनची बटणं बत्ताशाएवढी आहेत, आणि पाचाच्या बटणावर एक बारीकसा उंचवटा आहे. बोट त्यावरून गेलं आणि मी थांबलेच. सून म्हणाली, "आई, ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी मुद्दाम ठेवतात तो." मी म्हटलं, "आमच्याकडे तो लाखेचा होता." तिने हो हो म्हटलं, पण तिला काय कळणार. म्हणून कागदावर पट्टी धरून, ओळीखाली ओळ चाचपत, तुम्हांलाच लिहायला बसले आहे.

गिरगावात खाली ह्यांचा छापखाना आणि वर आपलं बिऱ्हाड. खाली यंत्रांच्या धडधडीत काही ऐकू येत नसे, म्हणून फोन वर, मधल्या खोलीतल्या काळ्या तिवईवर. काळ्या तिवईवर काळा फोन. तुम्हांला तो दिसायचा कसा? संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. खाली चळवळीची पत्रकं छापली जात, हे कोपरापर्यंत शाईने माखून जेवायला वर येत. आणि नेमक्या त्याच दिवसांत वन्संनी एका गुजराती मुलाशी लग्न केलं. हिंदमाता टॉकीजजवळ त्याचं कापडाचं दुकान, वर घर. ह्यांनी ताट पुढे सारलं आणि सांगितलं, "या घरातून तिला निरोप नाही, फोन नाही." तुम्ही म्हणालात, "अरे, तुमचं भांडण दिल्लीशी. माझ्या लेकीने कुठे मुंबई मागितली?" ह्यांनी नुसता आवाज चढवला. पुढे वन्संना दिवस गेल्याचं तुम्हांला देवळात कुणीतरी सांगितलं. पहिलटकरीण, घरातल्या चालीरीती वेगळ्या, भाषा वेगळी, आणि आई याच शहरात असून नसल्यासारखी. तुम्ही त्या दिवशी प्रसाद हातात धरून तशाच घरी आलात, तोंडात घातला नाहीत.

तुम्ही तांदूळ निवडता आहात. डोळे भिंतीकडे, बोटं सुपात. एक खडा काढून तुम्ही बाजूला ठेवता आणि म्हणता, "अगं, बोटाला खडा कळतो. मग आकडा का कळू नये?" मी म्हणते, "मी फिरवून देते की नंबर. हे खाली आहेत, कळणारसुद्धा नाही." तुम्ही सुपातून हात काढता. "तू फिरवलास, तर उद्या त्याने विचारल्यावर तुला खोटं बोलावं लागेल. तू पोथीवर हात ठेवणारी, तुझ्याच्याने व्हायचं नाही ते. मी फिरवला तर मी त्याची आई आहे. मला काय तो घराबाहेर काढतोय?" तोवर मला वाटे, फोन न दिसणं ही एक अडचण आहे, जशी सुईत दोरा न जाणं. त्या दुपारी कळलं की ज्याला नंबर दुसऱ्याकडून फिरवून घ्यावा लागतो त्याला मनातलं काही बोलताच येत नाही. प्रत्येक वाक्याला कुणीतरी साक्षीला उभं.

मग आपण कामाला लागलो. तिवईवर पांढरं धुतलेलं पंच्याचं फडकं अंथरलं, तशी तुम्ही म्हणालात, "हां, काहीतरी काळं बसलंय खरं तिथे." पार्सलांना लावायची लाख खालून आणून मी पाचाच्या भोकापाशी एक थेंब सोडला. पहिला थेंब बाहेरच्या काठावर पडला आणि तबकडी फिरताच बोट अडवणाऱ्या पट्टीला आपटून उडाला. दुसरा आतल्या बाजूने सोडला, तो बसला. पाच सापडला की पुढचे-मागचे आकडे बोटांनी मोजायचे. राहिला नंबर. तो शेजारणीने त्यांच्याच दुकानातून आणलेल्या कापडाच्या पुडक्यावर छापलेला होता, पण तुम्हांला आकडे पाठ राहीनात. तेव्हा मला माळ सुचली. तुटलेल्या जपमाळेचे तुळशीचे मणी विसर्जनासाठी डबीत ठेवले होते. जितका आकडा तितके मणी, मग एक गाठ, मग पुढचा आकडा. शून्य त्यात नव्हतं, ही देवाची कृपा. सुरुवात कळावी म्हणून मोठा मेरुमणी घातला आणि दोन्ही टोकं बांधून टाकली. पहिला आकडा कुठल्या बाजूला ते बघून रोज मीच ती तुमच्या हातात द्यायची. तुम्ही म्हणालात, "डाव्या हातात माळ धरू?" मी म्हटलं, "ही जपाची नाही, वन्संची आहे." तुम्ही हसलात. कितीतरी दिवसांनी.

पहिल्या खेपेला तुम्ही एक आकडा चुकला नाहीत. फोन एंगेज निघाला. तुम्ही ठेवलात, पुन्हा उचललात, पुन्हा फिरवलात, आणि लागला. तुम्ही म्हणालात, "बाळ, मी आई बोलत्ये." पलीकडून पुरुषाचा आवाज इतका खडा की मला दारापर्यंत ऐकू आला. "कोणाची आई? आज्ये, ही घोडपदेवची लाकडाची वखार आसा!" दुसऱ्या दिवशी तेच. पहिल्यांदा एंगेज, दुसऱ्यांदा वखार. तिसऱ्या दिवशी तो माणूस तुम्हांला ओळखूच लागला. "आज्ये, परत इलंस? लाकडा व्हयी काय गो?" आणि तुम्ही ताडकन, "लाकडांना अवकाश आहे रे बाबा, आधी लेकीशी बोलू दे!" पलीकडे तो हसला, अलीकडे मी पदर तोंडात धरून. तुम्ही मात्र फोन ठेवलात आणि तुमचं तोंड एवढंसं झालं. "राहू दे गं. देवाच्याच मनात नाही."

ते वाक्य मला सोसलं नाही. चौथ्या दिवशी मी तुमच्या बोटांकडे बघत बसले. माळ संपली, मेरुमणी लागला, आणि दुसऱ्या खेपेसाठी तुमच्या अंगठ्याने माळ अलगद फिरवली आणि उलटी चालायला सुरुवात केली. मेरू ओलांडायचा नाही, तिथून मागे परतायचं. जन्मभराचा जप बोटांत मुरलेला. तुम्ही अगदी नेमाने वन्संचा नंबर शेवटाकडून पहिल्याकडे फिरवत होता, आणि तो त्या वखारीचा निघाला. तुमच्याशेजारी बसून मी इतका जप केलेला, मेरू घालणारीही मीच, आणि मला हे सुचलं नव्हतं! मी कात्री आणली. तुम्ही हात आडवा धरलात, "माळ कापू नये." मी म्हटलं, "मग ही माळ नव्हेच म्हणू या." मेरू काढला. एका टोकाला तुमच्या नातवाच्या जुन्या वाळ्यातलं घुंगरू बांधलं, दुसरं टोक मोकळं सोडलं. घुंगरापासून निघायचं, दोरा संपला की थांबायचं.

त्या दुपारीही पहिल्यांदा एंगेज होता. तुम्ही पुन्हा घुंगरू चाचपलंत. मग बराच वेळ नुसती घंटी. मग तुम्ही म्हणालात, "बाळ," आणि या खेपेला पलीकडे वखार नव्हती. मी उठले, दार ओढून घेतलं आणि गॅलरीत जाऊन वाळत घातलेल्या मिरच्या उगाच खालीवर केल्या.

असं रोज दुपारी सुरू झालं, आणि एका दुपारी हे कसलासा कागद न्यायला अवेळी वर आले. मी गॅलरीतून धावले तोवर ह्यांनी दार उघडलं होतं. फोन तुमच्या कानाशी तसाच. ह्यांनी मला विचारलं, "कोणी लावून दिला?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही डावा हात पुढे केलात, दोरा त्यातून लोंबतोय. "ह्या बोटांनी. विचार तिला, तिने नंबर फिरवला का?" मी म्हटलं, "नाही." खरं तेच होतं. ह्यांनी तो दोरा हातात घेतला, मणी चाचपले, तबकडीकडे बघितलं. कागद न घेताच खाली गेले. रात्रीचं जेवण झाल्यावर हे लाखेची कांडी आणि मेणबत्ती घेऊन वर आले आणि तिवईपाशी मांडी घातली. "झिजलाय थेंब," एवढंच म्हणाले, आणि पाचावर नवा, गोल, सुबक थेंब सोडला. छापखान्यातला हात तो. निवेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसले. पुढे वन्संच्या मुलाच्या बारशाला हे आले ते सगळ्यांच्या मागे उभे राहिले, पण आले. भाच्याला मांडीवर घेतलं तेव्हा जावयांनी आपली खुर्ची ह्यांना दिली आणि स्वतः सतरंजीवर बसले.

तुम्ही जाऊन, हे जाऊन, किती वर्षं झाली. आता वन्सं आणि मी रोज दुपारी बोलतो. या नव्या फोनला एकच बटण दाबलं की त्यांचा नंबर आपोआप लागतो. तरी मी तो सगळा, एकेक आकडा चाचपून लावते. पाचावर बोट ठेवायला मला आवडतं. मागे एकदा त्यांना विचारलं, "वन्सं, तेव्हा तुम्ही दोघी इतकं काय बोलत होता हो?" तर म्हणाल्या, "ते आईलाच विचार." म्हणून विचारते आहे. या पाकिटावर पत्ता घालता येत नाही हे मलाही कळतं. तिकीट लावणार नाही, ते फुकट जाईल. देवघरात तुमच्या घुंगराच्या दोऱ्याखाली ठेवेन. एक मात्र सांगते. दार ओढून घेणारी मी फार शहाणी वाटले असेन तुम्हांला, पण ऐकायची मला फार फार इच्छा होती. एकदा तर तुमचं हसू ऐकून मिरच्या टाकून कडीपर्यंत आले, कडीला हात लावला, आणि तशीच मागे फिरले. त्या दिवशी कशाला हसलात, तेवढं तरी उलट टपाली कळवा.