ओल्या सुरया

५ ऑगस्ट १९९६
आज 'लेदर हार्ड' शिकवलं. माती अर्धवट सुकून चामड्यासारखी झाली की मगच तिच्यावर कोरायचं. फळ्यावर सुबक लिहिलं, मुलींनी उतरवून घेतलं. मी स्वतः ते कालच पुस्तकात वाचलंय! मी चित्रकलेची. सिरॅमिकच्या बाई सोडून गेल्या, प्रिन्सिपॉलनी विचारलं, "जमेल ना?" आणि मी हो म्हणून बसले. चाकावर बसायची वेळ आली की म्हणते, "आधी थिअरी पक्की करा."

८ ऑगस्ट
उज्वलाची सुरई पूर्ण झाली. कोपरखैरण्याची पोर. वडील आप्पा वाशीच्या मार्केटात माथाडी. सुरईच्या पोटावर वेल कोरलीय, हात कुठे अडखळलेला नाही. मुस्कान तिला म्हणाली, "ए, मला पन शिकव ना!" वर्गात मी होते — तरी तिला म्हणाली.
जाताना उज्वला हळूच सांगून गेली, "मॅडम, साताऱ्याचं स्थळ आलंय. आई मागे लागलीय. पंधरा ऑगस्टच्या प्रदर्शनात सुरई लागली ना, की आईला आणून दाखवणार. म्हणणार, कोर्स पुरा करू दे."

१२ ऑगस्ट
प्रिन्सिपॉल म्हणाले, "पाहुणे येणार. भांडी टेबलावर पाहिजेत." हवा ही अशी दमट, काही सुकत नाही. उज्वलाची सुरई गालाला लावून पाहिली — गार. गार म्हणजे आत पाणी. तापली की फुटणार. हेही वाचलेलं!
उज्वला म्हणाली, "अजून ओली वाटते, मॅडम."
"मला शिकवू नकोस."
सगळ्यांचीच भांडी आत ठेवली आणि भट्टी लावली.

१३ ऑगस्ट
काल भट्टीतून फटाके फुटल्यासारखे आवाज येत होते. आज उघडली. नुसत्या खापऱ्या.
मुली बघत होत्या. प्रिन्सिपॉल दारात उभे. आणि मी काय बोलले? "माती नीट मळली नाही तुम्ही. आत हवा राहिली. उज्वला, तुझी सुरई फुटली म्हणून बाकीची फुटली. तुझा हातच नाही या कामाचा."
ती म्हणाली, "सॉरी, मॅडम."
सॉरी! खापऱ्या ओढणीत गोळा करून घेऊन गेली.

१६ ऑगस्ट
उज्वला आली नाही.

१९ ऑगस्ट
आजही नाही.

२२ ऑगस्ट
कोपरखैरण्याला गेले. घरी आप्पा एकटेच. मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसले. "उज्वला आईसंगं गावाला गेलीया. आज साखरपुडा. मला सुट्टी न्हाय गावली. आवो, मी म्हनलं व्हतं, कोर्स पुरा कर, स्थळाची काय घाई न्हाय. पन तीच म्हनली, माझा हातच न्हाय त्या कामाचा, मॅडमच म्हनल्या. हो म्हनून टाका."
खरं सांगायला गेले होते. चहा पिऊन परत आले. पाऊस लागला म्हणून आप्पा रिक्षापर्यंत माझ्यावर छत्री धरून आले. स्वतः भिजले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२३ ऑगस्ट
वर्गात सांगून टाकलं. भांडी ओली होती, मला माहीत होतं. उज्वलाची काही चूक नव्हती. मला चाकही येत नाही.
कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मुस्काननं विचारलं, "मग तिला का बोललात?"
मी फळा पुसायला घेतला.
प्रिन्सिपॉलनाही सांगितलं. म्हणाले, "दुसरं कुणी मिळेपर्यंत थांबा."

२७ ऑगस्ट
उज्वला आली! दारातूनच, "मुस्कान सांगत होती. खरं?"
"खरं."
आत आली. मग बोटातली नवी अंगठी काढून माझ्या टेबलावर ठेवली — माती मळताना काढावीच लागते — आणि मळायला बसली.
तास संपला. हात धुऊन निघाली.
"अगं, अंगठी राहिली!"
"माहितीये, मॅडम," म्हणाली आणि गेली.