तिकीट नक्की कुणी काढलं?

प्रिय लवंगी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. उजवा गुडघा तेवढा भोपळ्यासारखा सुजलाय. वरच्या फळीवरचा डबा काढताना स्टुलाने दगा दिला. तुला हे नवीनच असणार, कारण माझ्या फोनने तुला गेल्या आठवड्यात कळवलंय की मी रोज पहाटे तासभर फिरतो आणि मला अगदी ताजंतवानं वाटतं.

मागच्या खेपेला तू माझ्या फोनात तो मदतनीस घालून दिलास ना, जुने निरोप वाचून माणसाच्या वतीने हुबेहूब उत्तरं देणारा, त्याचीच ही करणी. दिवसाला शंभर-दीडशे निरोप यायचे. फुलं, सुविचार, कुणाच्या नातवाचा पहिला दात. शिलाई मशीनच्या पोटात हात घातलेला असताना ती टिंगटिंग ऐकली की माझं डोकं फिरायचं. म्हटलं, घे बाबा, कर तुझं तू, आणि फोन बॉबिनच्या खणात टाकून दिला. तीन महिने काय सुख लागलं म्हणून सांगू. मी, मशीन आणि तेलाची कुपी. ज्यांना काही सांगायचं असे ते दुकानात येऊन सांगत, आणि चालत येऊन सांगण्याजोगं माणसाकडे फारच थोडं असतं, हेही तेव्हाच कळलं.

परवा सकाळी दुकान उघडतो तर दारात सात बायका आणि दोन शिंपी. सगळ्यांना आपापली मशीन आजच्या आज हवी. माझ्याकडे बघण्याची तऱ्हा अशी की मला वाटलं, आपण गेल्याची बातमी उठली की काय. शेवटी समोरच्या शिवणकामवाल्या मावशींनी कमरेवर हात ठेवून मला झाडलं, की लेकीकडे महिनाभर निघालात, तिकीटसुद्धा आलं, आणि आम्हाला ते फोनवरून कळावं? मी म्हटलं, मला तर तुमच्याकडूनच कळतंय. तो त्यांना विनोद वाटला.

मग खणातून फोन काढला आणि आपल्या दोघांचं तीन महिन्यांचं बोलणं सलग बसून वाचलं. काय बोललोय पोरी आपण. मी तुला विचारतोय, कामाचा फार ताण घेत नाहीस ना. सूर्योदयावर चार ओळीसुद्धा लिहिल्यात मी. तू म्हणतेस, बाबा, तुमची फार आठवण येते, तेही दर रविवारी, नऊच्या ठोक्याला. इतकं गोड की वाचता वाचता मला त्या दोघांचा हेवा वाटायला लागला. पण तीन महिन्यांत तू मला एकदाही ओरडली नाहीस. तिथेच पाल चुकचुकली. तुला आठवण आली की तू काय बोलतेस ते मला पाठ आहे, गोळ्या घेतल्यात का, खोटं बोलू नका. आई गेल्यापासून तर तिच्या वाटणीचंही तूच ओरडतेस. म्हणजे माझ्यासारखीच तूही मदतनीस लावून मोकळी झालेली दिसतेस.

रागावलो नाही. रागावू तरी कुठल्या तोंडाने, मीही त्याच माळेचा मणी. दुकानात कुणीतरी मशीन घेऊन येतं आणि कौतुकाने सांगतं, बघा कसं लोण्यासारखं चालतंय. चालतं खरं. सुई वरखाली होते, कापड पुढे सरकतं, आवाजही झकास. वाकून बघावं तर दोरा ओवलेलाच नाही. कापडभर भोकं आणि टाका एकही नाही. त्यावर दुरुस्ती अशी काही नसते. चष्मा लावायचा आणि दोरा ओवायचा.

आता मुद्द्याचं. तुझ्याकडून निरोप आलाय, बाबा, महिनाभर राहायला या. माझ्याकडून लगोलग 'येतो' गेलंय आणि एकवीस तारखेचं तिकीटही आलंय. बोलावलं कुणी, तू की तुझ्या मदतनीसाने, एवढंच मला कळत नाही. फोनवर विचारलं असतं, पण तो आता आवाजही काढतो म्हणे. माझ्या आवाजात माझ्यावाल्याने मावशींना वाढदिवसाचं गाणं ऐकवलंय, गाणारा मी नव्हतो हे कळल्यापासून त्या माझी नजर चुकवतात. म्हणून हे पत्र, आणि सोबत माझा पत्ता घातलेलं कोरं कार्ड. सवड नसेल, जागेची अडचण असेल, तर सरळ 'नका येऊ' लिही. मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन थोडं, पण दाखवणार नाही. नाहीतर नुसतं 'या' लिही. काहीही लिहिलंस तरी खाली त्या स्टुलावरून मला सणसणीत बोलणी घाल, म्हणजे लिहिणारी तूच, याची खात्री पटेल. बॅग भरलेली नाही. नुसती पलंगाखालून काढून पुसून ठेवलीय.

तुझाच, आणि या खेपेला स्वतः,
बाबा